मेंढ्याची टक्कर विम्यात बसते काय?

मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास दगडाबाई डोक्यावरचा पदर सारखा करून गाडीत बसायला म्हणून घराबाहेर आल्या, आणि त्यांनी शेवटच्या पायरीवर पाऊल टाकायच्या आतच म्हस्कूच्या मेंढ्याने त्यांच्या नव्या कोऱ्या निळ्या मारुतीच्या डाव्या दाराला टक्कर दिली.

मेंढ्याच्या बाजूनेही थोडे बोलायला हवे. तो बिचारा आपल्या वाटेने अंगणातून चालला होता. वाटेत त्याला त्याच्याएवढाच थोराड, त्याच्यासारख्याच वळलेल्या शिंगांचा आणि त्याच्याइतकाच उर्मट दुसरा मेंढा दिसला. हा थांबला, तोही थांबला. याने मान खाली घातली, त्यानेही घातली. हा चार पावले मागे सरला, तर तोही बेटा चार पावले मागे! एवढे झाल्यावर कोणता स्वाभिमानी मेंढा गप्प बसेल? दाराचा पत्रा ताटाएवढा आत गेला. समोरचा मेंढा एकाएकी वाकडातिकडा झालेला पाहून म्हस्कूचा मेंढा समाधानाने कुंपणाकडे निघून गेला.

दोष द्यायचाच तर थोडा दगडाबाईंच्याही पदरात घालावा लागेल. शनिवारपासून त्यांनी ती गाडी माधवीकडून, म्हणजे सुनेकडून, तीन वेळा पुसून घेतली होती. "तोंड दिसलं पायजे त्यात," असे बजावले होते. आणि तोंड दिसत होते.

"म्हस्कू भावजी!" दगडाबाईंचा आवाज ओढ्यापलीकडच्या उसापर्यंत पोहोचला. "हिकडं या आदी!"

म्हस्कू हे त्यांचे धाकटे दीर. वडगाव निंबाळकरच्या या वस्तीवरचा मेंढरांचा कळप मोडून पंचवीस वर्षे झाली होती. रानात ऊस उभा राहिला, घराला स्लॅब पडला, दगडाबाईंचा मुलगा आबासाहेब कारखान्याचा सभासद झाला. म्हस्कूने मात्र पाच मेंढ्या आणि हा एक मेंढा हट्टाने राखला होता. ते धावत आले. त्यांनी आधी मेंढ्याचे कपाळ चाचपले, शिंगे हलवून पाहिली, आणि मगच गाडीकडे नजर टाकली.

"काय न्हाय झालं त्याला, वहिनी. देवाची दया."

"कसली दया? माझं दार गेलं!"

"दार लोखंडाचं हाय, वहिनी. ह्यो बिचारा हाडामासाचा."

दगडाबाई खालच्या पायरीवर तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातल्या पिशवीत सारजासाठी घेतलेले हिरवे पातळ होते, आणि त्या पातळाला लासुर्ण्याला पोहोचायला आधीच नऊ वर्षे उशीर झाला होता.

सारजा ही त्यांची पाठची बहीण. चाळीसएक किलोमीटरवर, इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्यात दिलेली. नऊ वर्षांपूर्वी सारजाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. दगडाबाई एसटीने निघाल्या. एसटी वाटेत बंद पडली आणि उरलेली वाट त्या उन्हातून चालत गेल्या. पोहोचल्या तेव्हा शेवटची पंगत उठत होती. घोट्यापर्यंत धुळीने भरलेले त्यांचे पाय पाहून सारजा भर मांडवात, व्याह्यांच्या देखत, हसून म्हणाली, "आमच्या आक्काचं मेंढरामागं चालायचं याड अजून गेलं न्हाय!" मांडव हसला. दगडाबाई हसल्या नाहीत. पाणीही न पिता त्या मागे वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "आता यीन ती सोताच्या गाडीनं यीन. तवर तुजा उंबरा माज्यासाटी बंद." सारजाही त्याच आईची लेक. ती म्हणाली, "मग तवर मी तरी कशाला येऊ तुज्याकडं?"

तेव्हा वस्तीवर सायकलसुद्धा धड नव्हती.

नऊ वर्षे दगडाबाईंनी सारजाचे नाव घेतले नाही. पण बारामतीच्या बाजाराला गेल्या की इंदापूरकडे जाणाऱ्या गाड्यांचा फाटा त्यांच्या मानेला आपोआप त्या अंगाला वळवी. घरात गोडाधोडाचे झाले की "सारजीला हे लई आवडायचं" एवढे वाक्य ओठापर्यंत येई आणि घासाबरोबर आत जाई. आबासाहेबाने ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, "हे न्हाय." मोटारसायकल घेतली तेव्हा म्हणाल्या, "हेबी न्हाय." शेवटी शहाण्णव सालच्या दसऱ्याला मारुती दारात आली, तेव्हा त्या काहीच म्हणाल्या नाहीत. फक्त माधवीला हाक मारून म्हणाल्या, "ते हिरवं पातळ काढ. सारजीला न्यायचंय."

आणि त्याच आठवड्यात निरोप आला, की सारजाच्या मुलाला भोपाळला नोकरी लागली. लासुर्ण्याच्या घराला कुलूप लागणार. रविवारी रात्री दौंडहून गाडी. भोपाळ म्हणजे कुठे, हे दगडाबाईंना नेमके ठाऊक नव्हते. तिथे एसटी जात नाही एवढे मात्र त्यांना कळले होते.

"आई, बसा की," आबासाहेब स्टिअरिंगपाशी उभा राहून म्हणाला. "पत्रा दबलाय खरा, पर इंजिनाला काय न्हाय. जाऊ तसंच."

"असल्या दबक्या गाडीतनं?" दगडाबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले, की त्याचा हात स्टिअरिंगवरून खाली आला. "म्हंजी सारजी म्हणंल, आक्कानं गाडीबी मेंढरामागं हाकली. गुरुजींना बोलीव. फुल इमा हाय न्हवं? आजच्या आज दार नीट करून घ्या. उद्या जाऊ."

सावळाराम गुरुजी गावच्या शाळेत चौथीला शिकवत आणि उरलेल्या वेळात विमा उतरवत. मधल्या सुट्टीत ते आले. पॉलिसीचा कागद त्यांनी ओट्यावर उलगडला आणि वर्गात धडा वाचावा तसे वाचू लागले.

"काकी, नुसता थर्ड पार्टी विमा असता तर आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तरच उपयोग. आपलं नुकसान आपल्याच डोक्यावर. पण आबासाहेबांनी काँप्रिहेन्सिव्ह घेतला, म्हणजे संपूर्ण. यात आपली गाडीपण आली. ऐका. आग. वीज पडणे. भूकंप. महापूर. चोरी. दंगल. संप. गाडी रेल्वेनं किंवा बोटीनं नेताना झालेलं नुकसान."

"बोटीनं?"

"हो."

"ह्या वस्तीवर बोट कवा येणार?"

"ते छापलेलं असतंच, काकी. सगळ्यांना सारखंच."

"मग मेंढा कुठं हाय?"

गुरुजींनी चष्मा सरळ केला. "मेंढा असा नावानं नसतो. 'बाहेरून अपघातानं झालेला आघात' असं कलम आहे. त्यात मेंढा बसतो."

"अपघातानं न्हाय झाला," दगडाबाई म्हणाल्या. डोळ्यांनी पाहिलेले नाकारणे त्यांच्या रक्तात नव्हते. "मी सोता बघितलं. चार पावलं मागं सरला, नेम धरला आन् आला."

"असं नुकसान बघायला येणाऱ्या सर्व्हेअरसमोर म्हणू नका, काकी!"

"का? बघितलं ते बघितलं."

"बरं, मग दुसरं कलम आहे. 'द्वेषबुद्धीनं केलेलं नुकसान'. तेही कव्हर आहे."

इतका वेळ मेंढ्याची मान खाजवत बसलेले म्हस्कू यावर ताडकन उठले. "गुरुजी, जपून बोला! माज्या मेंढ्याच्या पोटात कुणाचा द्वेष न्हाय. वहिनींच्या गाडीचा तर मुळीच न्हाय. त्यो त्या आतल्या मेंढ्यावर गेला."

"आतला मेंढा म्हणजे हाच की, तात्या."

"ते तुमाला ठावं. त्याला कुठं ठावं?"

गुरुजींनी अर्ज भरला आणि उठता उठता सांगितले, "सर्व्हेअर बघून जाईपर्यंत दुरुस्ती करायची नाही. गाडी जशी आहे तशी ठेवायची." एवढे बोलून ते घंटा व्हायच्या आत शाळेत पोहोचले. त्यांचा सल्ला योग्यच होता. पण तो त्यांनी आबासाहेबाला दिला, आणि आबासाहेब एकदा पोलिसांच्या पंचनाम्यात पंच होता.

विहिरीवरच्या मोटारीची चोरी झाली होती तेव्हा फौजदाराने त्याची सही घेतली होती. त्या सहीचा अभिमान त्याच्या मनात अजून ताजा होता. घटनास्थळ कसे राखायचे हे वस्तीवर फक्त त्याला ठाऊक होते. त्याने गाडीच्या चारी बाजूंनी चुन्याची पांढरी रेघ ओढली. मेंढ्याच्या खुरांचे ठसे पुसू नयेत म्हणून त्यांच्यावर कोंबड्यांची दोन डालगी पालथी घातली. गाडी वाटेत आडवी काढलेली होती, ती तशीच आडवी राहिली. त्यामुळे उसाच्या ट्रॅक्टरला बाहेर पडता येईना आणि दुधाच्या किटल्या माधवीला डोक्यावरून कुंपणाला वळसा घालून न्याव्या लागल्या.

"आन् मेंढा?" म्हस्कूने विचारले.

"मेंढा मुद्देमाल हाय, तात्या," आबासाहेब गंभीरपणे म्हणाला. "मुद्देमाल जागेवर पायजे." आणि त्याने मेंढा गाडीसमोर, बाभळीच्या खुंट्याला, तोंड गाडीकडे करून बांधला.

बारामतीच्या कचेरीतून कळले, की दोन तालुक्यांना मिळून एकच सर्व्हेअर आहे. तो गुरुवारी येईल. दगडाबाईंनी डेअरीतल्या फोनवरून लासुर्ण्याच्या किराणा दुकानात निरोप द्यायला लावला: गाडीला धक्का बसलाय, तपासणी झाल्याबिगर हलवता येत न्हाय, दोन दिवसांत येते. निरोप देऊन आबासाहेब परत आला तेव्हा त्या दारातच होत्या.

"कोण बोललं?"

"दुकानदार."

"सारजी न्हवती?"

"आई, ते दुकान हाय. मावशी कशाला आसंल तितं?"

"मीठमिरची न्यायला येती का न्हाय माणूस दुकानात," असे पुटपुटत त्या आत गेल्या.

बुधवारचा सबंध दिवस त्या पांढऱ्या रेघेबाहेर खुर्ची टाकून बसून राहिल्या. संध्याकाळी गार वारा सुटला. दसरा-दिवाळीच्या या दिवसांत त्यांच्या बापाचा कळप घाट उतरून कोकणात जायला निघे. दगडाबाई तेव्हा अकरा वर्षांच्या आणि सारजा सात. दमली की सारजा रस्त्यात फतकल मारून बसे आणि आक्काने उचलल्याशिवाय उठत नसे. मुक्कामाला दोघींत एक घोंगडे. सारजा झोपेत ते सगळे आपल्याकडे ओढून घेई, आणि आक्का थंडीने कुडकुडत जागी राहून तिला शिव्या घाली. नंतरच्या आयुष्यात दगडाबाईंना सोलापुरी चादरी मिळाल्या, गाद्या मिळाल्या, मुलाने मखमली रजई आणून दिली. अंगावरचे पांघरूण कोणी ओढून नेत नाही, याचे इतके वाईट वाटू शकते हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते.

"आई," माधवी चहा घेऊन आली, "यष्टीनं जाऊन येता का? मी येते संगट."

"माज्यासमोर यष्टीचं नाव काढू नगंस."

गुरुवारी सर्व्हेअर आला नाही. वालचंदनगरजवळ मालट्रक उलटला होता, तो तिकडे गेला. शुक्रवारी सकाळी मेंढ्याचा संयम संपला. जवळजवळ तीन दिवस तो त्या दबलेल्या दारातल्या वेड्यावाकड्या मेंढ्याला सहन करत आला होता. त्यात माधवीने, सर्व्हेअर येणार म्हणून, गाडीवरची धूळ पुन्हा पुसली. मेंढ्याने खुंटा उपटला, आणि या वेळी दारावर न जाता थेट पुढच्या दिव्यावर गेला.

गुरुजी पुन्हा आले. त्यांनी फुटलेला दिवा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"हा दुसरा अपघात झाला, काकी. एका अर्जात एकच अपघात. दुसरा अर्ज भरावा लागेल."

"म्हंजी सर्व्हेअर दोनदा येणार?"

"एकदाच येईल, पण आता सोमवारपर्यंत यायचा नाही, असंच धरून चला."

"सोमवारी?" दगडाबाई खुर्चीतून उठल्या. "गुरुजी, एक इचारू? तुमच्या त्या कागदात आग लिवली, भूकंप लिवला, बोट लिवली. ही गाडी चार दिवस हितं हुबी हाय. ह्या चार दिवसांचं काय? ते भरून देतात का?"

गुरुजींनी कागद उलगडला नाही. त्यांना ते पाठ होते.

"नाही, काकी. गाडी उभी राहिल्यामुळं आपलं जे काही हुकतं, त्याची भरपाई नसते. स्पष्ट लिहिलेलं आहे."

"मग 'संपूर्ण' कशाला म्हणता त्याला?" दगडाबाई म्हणाल्या, आणि कोणाच्याही उत्तराची वाट न पाहता आत निघून गेल्या.

शनिवारी दुपारचे जेवण झाल्यावर वस्ती अंमळ पेंगुळली. आबासाहेब कारखान्यावर गेला होता, माधवी गोठ्यात होती. दगडाबाईंनी हिरव्या पातळाची पिशवी खांद्याला अडकवली, पायांत चपला घातल्या आणि कोणाला न सांगता पायरी उतरल्या. फाट्यावर अडीचची एसटी येते हे त्यांना नऊ वर्षे ठाऊक होते. धुळीने पाय भरले तर भरू देत. सारजा हसली तर हसू दे. मांडव हसला तर आता मांडवात आहे तरी कोण? निदान तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवून येऊ, आणि मग ती भोपाळला जावो नाहीतर आणखी कुठे जावो.

त्या आडव्या गाडीला वळसा घालत होत्या, तोच फाटकातून एक स्कूटर आत आली. पुढे गॉगल लावलेला, काखेत फाइल मारलेला एक पस्तिशीचा गृहस्थ. त्याच्या मागे, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, त्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरून बसलेली एक म्हातारी. स्कूटर पुरती थांबायच्या आतच म्हातारीने खाली उडी घेतली. तिला समोर आडवी गाडी दिसली, फुटलेला दिवा दिसला, चुन्याची पांढरी रेघ दिसली, रेघेत पालथी घातलेली दोन डालगी दिसली. आणि तिने हंबरडा फोडला.

"आक्का गं! माजी आक्का! मला न भेटताच गेलीस गंऽऽ!"

दगडाबाई गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी पिशवी खांद्यावर सारखी केली. मग त्या म्हणाल्या, "सारजे, कुणाला रडतीस?"

"तुला!"

"मी हितं हाय."

सारजाचा हुंदका अर्ध्यात अडकला. तिने गाडीच्या टपावरून पाहिले. पलीकडे तिची आक्का धडधाकट, पदर डोक्यावर घेऊन उभी होती. सारजाने डोळे पुसले, नाक पुसले आणि ती कडाडली.

"मग मला कशाला सांगितलंस मेलीस म्हणून?"

"मी कवा सांगितलं?"

"आज मीठमिरचीला गेले तर दुकानदार म्हणला, तुमच्या भनीच्या गाडीला लई मोठा अपघात झालाय, पंचनामा होईतवर तितलं काय बी हलवायचं न्हाय! माणूस जित्तं असल्यावर कोण असं म्हणतं गं? तशीच लासुर्ण्याच्या स्टँडवर आले तर हे सायेब अपघात बघाया जायचंय म्हणून वडगावची वाट इचारत हुते. म्हणलं, कुठल्या अपघाताला जाता? तर म्हणले, दगडाबाईंच्या. मी म्हणलं, लई लागलंय का? तर म्हणले, 'डावी बाजू दबलीय, पण बदलून मिळेल.' बदलून कशी मिळंल, आक्का? बसले मागं आन् रडत आले हितपतूर!"

"रस्ताभर रडत होत्या," वालचंदनगरचे काम लवकर उरकून सोमवारऐवजी आजच निघालेला सर्व्हेअर शर्टाची मागची बाजू सारखी करत म्हणाला. "मला वाटलं, गाडीवर फार जीव आहे."

सारजा गाडीला वळसा घालून आली. चुन्याची रेघ तिने सरळ पायाखाली तुडवली आणि एक डालगे लाथेने उडवून लावले. नऊ वर्षांनी दोघी बहिणी हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. सारजाचे केस पांढरे झाले होते. गळ्यातली बोरमाळ सैल पडली होती.

"ही पिशवी घिऊन कुठं निघालीस?" तिने विचारले.

"मेंढ्याला पाला टाकाया."

"पिशवीत नवं पातळ दिसतंय."

"मग? आमचा मेंढा लाडका हाय."

सारजा पिशवीकडे आणि आक्काच्या पायांतल्या चपलांकडे बघत राहिली. तिला काय समजायचे ते समजले; पण ती सात वर्षांची असतानाच एक गोष्ट शिकली होती, की आक्का खोटे बोलत असेल तेव्हा तिला सुटायला जागा ठेवावी. तिने रेघेच्या मधोमध फतकल मारली.

"दमले बाई," ती म्हणाली. "उचल आता."

दगडाबाईंनी तिला दोन्ही हातांनी उठवले. ते काम एकदाच करायचे होते, पण त्यांनी हात लवकर सोडले नाहीत.

सर्व्हेअरने दार पाहिले, दिवा पाहिला, फोटो काढले. मेंढ्याचाही एक काढला. तोवर आबासाहेब येऊन पोहोचला होता, म्हस्कू आले होते, माधवीने पिठले-भाकरीचे ताट सर्व्हेअरसमोर ठेवले होते. जेवता जेवता त्याने निकाल सांगितला.

"दाराचं बसतं विम्यात. बाहेरून आलेला अपघाती आघात. हरकत नाही. दिव्याचं बसत नाही."

"का न्हाय?" आबासाहेब चकित झाला. "सगळं जसंच्या तसं राखलं, सायेब! मुद्देमालसुद्धा!"

"तेच तर. एकदा टक्कर दिलेला मेंढा तुम्ही स्वतः गाडीसमोर, गाडीकडे तोंड करून बांधलात. गाडीची काळजी घेणं ही मालकाची जबाबदारी असते. 'आहे तशी ठेवा' म्हणजे दुरुस्त करू नका, एवढाच अर्थ. चार दिवस वापरायला कोणी मना केलं नव्हतं. विमा अपघाताचा असतो, आबासाहेब. हट्टाचा नसतो."

आबासाहेबाने मान खाली घातली. म्हस्कू मेंढ्याकडे पाहू लागले. पण सर्वांत जास्त वेळ खाली पाहत बसल्या त्या भिंतीला टेकलेल्या दोन म्हाताऱ्या, आणि त्यांच्यापैकी एकीनेही दुसरीकडे नजर वळवली नाही.

"म्हणजे आता गाडी हलवायला हरकत नाही," सर्व्हेअर हात धुऊन फाइल उघडत म्हणाला. "मी तसं लिहून देतो."

"बरं झालं," आबासाहेब उठला. "मावशी, चला, तासाभरात लासुर्ण्यात सोडतो. उद्या रात्रीची गाडी हाय तुमची. बांधाबांध ऱ्हायली आसंल."

सारजा उठली नाही. "व्हय," ती सावकाश म्हणाली. "बांधाबांध हाय खरी. सूनबाय बघंल म्हणा तिची ती."

दगडाबाईंनी दारातल्या गाडीकडे पाहिले. नऊ वर्षे त्यांनी एकच दृश्य मनात धरले होते: लासुर्ण्याच्या त्या दारात गाडी थांबते, सारजा बाहेर येते आणि बघत राहते. आता गाडी जायची, तर बघणारी आतच बसलेली असणार. आणि परत येताना शेजारची जागा मोकळी. ती पुन्हा कधी भरणार, ते भोपाळ जाणे.

"सायेब," त्या एकदम म्हणाल्या, "तुमी नीट बघितलं न्हाय."

"काय नाही बघितलं, आजी?"

"मागचं चाक."

"चाकाला काही झालेलं नाही."

"हुईल. बघा तरी. उजेड कमी हाय आता. गाडीचं काम हाय, घाईनं करू नये. मी म्हणते, कागदावर लिवा, गाडी उद्यापतूर हलवू नये."

"आजी, चार दिवस तुम्हीच फोनवर फोन केलेत, की सर्व्हेअर पाठवा, सर्व्हेअर पाठवा. आता मी सांगतोय हलवा, तर—"

"मी मालकीण हाय न्हवं? काळजी घ्यायची जिम्मेदारी मालकाची, आसं तुमीच म्हणला. मी घिती काळजी. लिवा."

सर्व्हेअरने आबासाहेबाकडे पाहिले. आबासाहेबाने आईकडे पाहिले आणि ट्रॅक्टरपाशी काहीतरी काम निघाल्यासारखा निघून गेला. सर्व्हेअरने सारजाकडे पाहिले. सारजा अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "नियम म्हणल्यावर काय करणार, सायेब? नियम पाळावाच लागतो."

दोन तालुक्यांत मिळून एकटेच काम करणाऱ्या त्या माणसाने आजवर अनेक प्रकारचे दावे पाहिले होते. त्याने पेनचे टोपण काढले, अहवालाच्या खाली एक ओळ लिहिली आणि मोठ्याने वाचून दाखवली.

"'सदर वाहन उद्या सकाळी सात वाजेपर्यंत जागेवरून हलवू नये.' ठीक?"

दगडाबाईंनी थोडा विचार केला.

"सात न्हाय, धा करा," त्या म्हणाल्या. "ही उशिरा उठती."

सर्व्हेअरने सात खोडून दहा केले आणि खोडलेल्या जागी सही केली.